हिमप्रदेशातील परसबाग



वैशाखाच्या तोंडावर, सूर्य मावळला तरी भिंती तापलेल्याच आहेत अशा वेळी, हिमाच्या देशातील परसबागेवर बोलावयास मी उभा आहे. फलकावर विषय वाचून एका स्नेह्यांनी मला वाटेतच गाठले आणि विचारले, "आमच्या नळाला दिवसाआड पाणी. तुमच्या त्या बर्फाचे आम्ही काय करावयाचे?" प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर देण्याचा मी शेवटी प्रयत्न करीन. तोवर तासभर गार हवेची कल्पना करावयास मिळाली तर तोही लाभ पदरात पाडून घ्यावा.

मी काही मोठा उद्यानतज्ज्ञ नव्हे. वनस्पतिशास्त्र शिकविण्यात आयुष्य गेले आणि घरी चार कुंड्या व एक गुलाबाचा वाफा सांभाळला, एवढीच माझी पुंजी. माझी मुलगी अमेरिकेत मिनेसोटा राज्यातील मिनियापोलिस या गावी राहते. निवृत्तीनंतर तिच्याकडे माझे चार-पाच वेळा जाणे झाले. एका वर्षी वसंतात, दुसऱ्या वर्षी शरदात, एकदा ऐन हिवाळ्यात. तिच्या घराला पुढे अंगण आणि मागे परस आहे. पुस्तकी विद्या घेऊन मी त्या परसात उतरलो आणि सपशेल नापास झालो. त्या नापास होण्यातून जे शिकलो ते आज सांगावयाचे आहे. ते एका वाक्यात असे : तिकडे थंडीशी भांडून बाग होत नाही, थंडीच्या पंचांगाप्रमाणे वागून होते, आणि ते पंचांगच आता चळू लागले आहे.

प्रथम त्या जागेची थोडी ओळख करून घेऊ. मिनियापोलिस ४५ उत्तर अक्षांशावर आहे. आपले पुणे साडेअठरावर. समुद्र फार दूर, त्यामुळे हवा दोन्ही टोकांना जाते. जुलैत दुपारी पारा २८-२९ अंश सेल्सिअसवर असतो, तर जानेवारीत रात्रीचे सरासरी तापमान उणे १३ च्या आसपास असते आणि काही रात्री ते उणे २५-३० पर्यंतही उतरते. जमीन तीन-साडेतीन फूट खोल गोठते. कुदळ मारली तर दगडावर मारल्यासारखा आवाज येतो. दव गोठून पडते त्याला तिकडे फ्रॉस्ट म्हणतात. वसंतातला शेवटचा फ्रॉस्ट आणि शरदातला पहिला फ्रॉस्ट, साधारण मेचा आरंभ आणि ऑक्टोबरचा आरंभ, या दोहोंमध्ये जे पाच महिने सापडतात तेवढाच कोवळ्या रोपांचा संसार. आपण मृग कधी निघतो याची वाट पाहतो. तिकडची माणसे शेवटच्या फ्रॉस्टची पाहतात.

माझी पहिली फजिती याच फ्रॉस्टने केली. एप्रिलअखेर मी तेथे पोचलो. मेच्या पहिल्या दिवशी हवा अशी सुरेख होती की आपल्याकडची माघातली सकाळ आठवावी. दुकानात टोमॅटोची टवटवीत रोपे मांडलेली. मी आठ रोपे आणली, आळी करून लावली, पाणी घातले आणि मुलीला अभिमानाने दाखविली. शेजारी एक वृद्ध बाई राहतात. त्यांनी कुंपणापलीकडून पाहिले, थोडे हसल्या आणि संध्याकाळी जुन्या चादरी काढून ठेवा एवढेच म्हणाल्या. मला त्याचा अर्थ कळला नाही. पाचव्या रात्री आभाळ निरभ्र झाले, वारा पडला आणि पारा शून्याच्या खाली गेला. सकाळी आठही रोपे उकडलेल्या पालेभाजीसारखी काळी होऊन आडवी पडली होती. पेशींतले पाणी गोठले की त्याचे स्फटिक होतात आणि पेशींची पटले फाटतात, हे मी तीस वर्षे फळ्यावर लिहीत आलो होतो. परंतु रात्री उठून रोपांवर चादर घालावी एवढे शहाणपण त्या लिहिण्यातून मला आले नव्हते. निफाडकडचे द्राक्षबागाईतदार कडाक्याच्या रात्री बागेत शेकोट्या पेटवितात, ते हे शहाणपण.

दुसऱ्या दिवशी त्या बाई घरी आल्या आणि मला रीतसर शिकविले. दुकानाला रोपे विकण्याची घाई असते, रोपाला नसते, असे त्यांचे म्हणणे. टोमॅटोचे बी मार्चअखेर घरातच, दिव्याखाली, लहान कुंड्यांत पेरावयाचे. मिरचीचे त्याच्याही आधी. मेच्या मध्यापर्यंत रोपे घरात वाढतात. मग आठ-दहा दिवस त्यांना हवेची सवय करावयाची : पहिल्या दिवशी तासभर सावलीत बाहेर, दुसऱ्या दिवशी दोन तास, पुढे ऊन, पुढे वारा, आणि शेवटी बाहेरची रात्र. एकदम उन्हात ठेवलेले रोप भाजते. माती पंधरा अंशांपर्यंत उबदार झाल्यावाचून टोमॅटो मातीत घालावयाचा नाही. गार मातीत तो मरत नाही, पण रुसून बसतो आणि मागून लावलेली रोपे त्याच्या पुढे निघून जातात.

मग एप्रिलमध्ये काय करावयाचे? वाटाणा, पालक, मुळा, सॅलडची पाने ही मंडळी थंडी सोसणारी; ती लवकर पेरता येतात. पण त्यापूर्वी एक परीक्षा. मूठभर माती घेऊन दाबावी. लाडू घट्ट वळला आणि बोटाने टोचूनही फुटला नाही, तर माती अजून ओली आहे; तिच्यात पाय घालू नये. वितळलेल्या पाण्याने भरलेली जमीन तुडविली की तिच्यातली हवा जाते आणि ती वर्षभर विटेसारखी राहते. हिरवळीचेही तसेच. उन्हाचा पहिला दिवस पाहून दंताळे घेऊन धावणारा माणूस गवत साफ करीत नाही, उपटतो. त्या बाईंच्या बोलण्यात 'थांबा' हा शब्द मी इतक्या वेळा ऐकला, की तिकडच्या बागकामाचे ते पहिले हत्यारच असावे असे मला वाटू लागले.

उन्हाळा आला की मात्र सारे काही धावत सुटते. जूनच्या अखेरीस दिवस साडेपंधरा तासांचा होतो. काकडीचा वेल सकाळी पाहावा आणि संध्याकाळी ओळखू येऊ नये. या दिवसांत घराघरांपुढे चिंतेचा विषय असतो तो हिरवळीचा. तिकडचे गवत थंडीचे मित्र आहे. ते वसंतात आणि शरदात वाढते, आणि जुलैच्या उन्हात पाणी न मिळाल्यास पिवळे पडून झोपी जाते. ते मेलेले नसते. सप्टेंबरात पाऊस आणि गारवा आला की पुन्हा हिरवे होते. ज्याला हे ठाऊक नाही तो घाबरून पाणी आणि खत ओतीत राहतो. जाणता माणूस गवत तीन इंच उंच ठेवतो, म्हणजे मुळे खोल जातात आणि तणाला ऊन मिळत नाही. आणि खताचा हात सप्टेंबरसाठी राखून ठेवतो.

येथे अंगणाचा संबंध गावाशी येतो. मिनेसोटाला दहा हजार तळ्यांचे राज्य म्हणतात. दहा एकरांहून मोठी तळी मोजली तर ती ११,८४२ भरतात. अंगणातले फॉस्फरसयुक्त खत पावसाने वाहत गटारात जाते, गटारातून तळ्यात, आणि तळ्यावर शेवाळाचा हिरवा थर येतो. म्हणून त्या राज्याने २००२ साली कायदा केला, आणि २००५ पासून राज्यभर असा नियम आहे की मातीची तपासणी करून गरज सिद्ध झाल्याशिवाय, किंवा नवी हिरवळ लावावयाची असल्याशिवाय, हिरवळीला फॉस्फरसचे खत घालावयाचे नाही. आपल्या अंगणातले गवत किती हिरवे असावे हा प्रश्न खाजगी वाटतो. पण त्याचे उत्तर तळ्याच्या पाण्यावर उमटते.

आता शरदाकडे वळू. वसंतापेक्षा तिकडची खरी लागवड शरदात होते, हे मला दुसऱ्या खेपेस कळले. लसूण घ्या. आपल्याकडे कोजागिरी-दिवाळीच्या सुमारास लसूण लावतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर काढतात. मिनियापोलिसलाही तो ऑक्टोबरातच लावतात. पण वर तीन-चार इंच गवताचे आच्छादन घालून हिमाखाली निजवितात आणि जुलैत काढतात. थंडीचे काही आठवडे मिळाल्यावाचून त्याच्या पाकळ्या सुट्या होत नाहीत; नुसता एकजीव गोल गड्डा हाती येतो. ट्यूलिपच्या कंदाला तीन-चार महिन्यांचा गारवा लागतो; तो न मिळाल्यास फूल नीट उमलत नाही. सफरचंदाच्या कळीला हिवाळ्यात ठराविक तासांची थंडी मोजून घ्यावी लागते, त्याशिवाय ती वसंतात जागी होत नाही. म्हणजे ज्या थंडीला आपण बागेची वैरीण समजतो, तिच्याच बोटाला धरून ही झाडे फुलाकडे जातात.

माझी दुसरी फजिती त्याच शरदातली. आपल्याकडे ऑक्टोबरात गुलाबाची छाटणी करतात. माझ्या हाताला तीच सवय. परसात लायलॅकचे मोठे झुडूप होते. मी कात्री घेतली आणि त्याला चांगला आकार दिला. मे महिन्यात मुलीने छायाचित्र पाठविले : साऱ्या आळीत लायलॅकचा जांभळा बहर, आणि आमचे झुडूप नुसते हिरवेगार. लायलॅक फुलून गेल्यावर उन्हाळ्यातच पुढच्या वर्षीच्या कळ्या धरतो. मी आकार देत असताना पुढचा वसंत कापून टाकीत होतो. गुलाबाचेही तिकडे वेगळेच. शरदात छाटला तर नवे कोंब येतात आणि पहिल्याच थंडीत मरतात. म्हणून छाटणी वसंतात. नाजूक जातींच्या गुलाबांना तर ऑक्टोबराच्या मध्यास एका बाजूची मुळे मोकळी करून, झाड हळूहळू आडवे करून, चरात पुरतात. वर माती आणि पालापाचोळा. एप्रिलमध्ये ते उकरून पुन्हा उभे करतात. मिनेसोटातल्या गुलाबप्रेमींनी काढलेली ही युक्ती त्या राज्याच्याच नावाने ओळखली जाते. जिवंत झाड पुरून ठेवावयाचे आणि सहा महिने विश्वासाने घरात बसावयाचे, हे आपल्या मनाला सहज पटत नाही.

पालापाचोळ्याचाही एक धडा आहे. पानगळीत अंगण पानांनी भरते. पूर्वी लोक तो सारा झाडून जाळीत किंवा फेकीत. आता जाणती माणसे हिरवळीवरची पाने यंत्राने बारीक करून तेथेच जिरवितात आणि उरलेली वाफ्यांवर पसरतात. तिच्याखाली मुळे उबेत राहतात आणि कित्येक फुलपाखरांचे कोश व मधमाश्यांच्या जातभाई असलेल्या एकट्या माश्या हिवाळा काढतात. रस्त्यावरची पाने मात्र गोळा केलीच पाहिजेत, कारण ती गटारातून तळ्यात गेली की पुन्हा तोच फॉस्फरस. शरदात आणखी दोन कामे. जमीन गोठेपर्यंत नव्या झाडांना पाणी द्यावयाचे, आणि कोवळ्या खोडांना गुंडाळावयाचे. कारण हिवाळ्यातले दुपारचे ऊन साल तापविते, सूर्य ढळताच ती एकदम गोठते आणि उभी चिरते. शिवाय हिमाखालून येणारे उंदीर आणि भुकेले ससे साल कुरतडतात, म्हणून बुंध्याभोवती जाळी.

मग हिवाळा. मी तो एकदाच पाहिला, पण पुरेसा पाहिला. हिम पडले की चोवीस तासांच्या आत घरापुढची पायवाट मोकळी करणे हे मिनियापोलिसमध्ये घरमालकाचे कर्तव्य आहे. बर्फ वितळावा म्हणून लोक मीठ टाकतात. उणे नऊ-दहाच्या खाली साधे मीठ फारसे काम करीत नाही. झाडांच्या मुळांना मात्र अपाय करते. एक चमचा मीठ सुमारे १९ लिटर पाणी कायमचे बिघडविते, असे त्या राज्याचे प्रदूषण नियंत्रण खाते नागरिकांना सांगत असते. म्हणून आधी फावडे, मग वाळू, आणि मीठ शेवटी. बागेवरचे हिम मात्र कोणी काढीत नाही. ते बागेची गोधडी आहे. वर हवा उणे २५ असताना फूटभर भुसभुशीत हिमाखाली जमिनीलगतचे तापमान पुष्कळदा शून्याच्या थोडेसेच खाली असते. झाडांना कडक थंडीपेक्षा अवेळी आलेली ऊब आणि उघडी जमीन अधिक मारते.

या दिवसांत आपली मराठी घरे कशी ओळखावीत? दक्षिणेकडच्या खिडकीत पाहावे. तेथे कढीपत्त्याची कुंडी असते आणि तिच्याजवळ तुळस. सप्टेंबर सरता सरता ती घरात येतात आणि मेअखेर बाहेर जातात. माझी मुलगी कढीपत्त्याला हिवाळ्यात पाणी अगदी बेताने घालते आणि पाने गळली तरी कुंडी फेकून देत नाही. मार्चमध्ये त्या काडीला हिरवा ठिपका दिसतो तेव्हा फोन येतो, "बाबा, कढीपत्ता जगला." तो फोन महत्त्वाच्या बातमीचा असतो.

श्रोतेहो, या भूमीतल्या एका माणसाची गोष्ट सांगावयास हवी. त्याचे नाव पीटर गिडियन. १८५३ साली तो मिनेटोंका तळ्याच्या काठी येऊन राहिला आणि सफरचंदे लावू लागला. हिवाळ्यामागून हिवाळे आले आणि झाडे मरत गेली. नऊ-दहा वर्षांत शेकडो रोपांपैकी एक रानटी जातीचे सफरचंद तेवढे उरले. असे सांगतात की त्याच्याजवळ शेवटचे आठ डॉलर उरले होते आणि अंगात घालावयास धड कोट नव्हता. त्याने जुन्या कपड्यांना ठिगळे लावली आणि ते आठ डॉलर मेन राज्यातील बँगोर गावी बियाणे मागविण्यासाठी धाडले. त्या बियांतून उगवलेल्या एका झाडाने मिनेसोटाचा हिवाळा सोसला आणि चांगले फळ दिले. १८६८ साली त्याने ते लोकांपुढे आणले आणि पत्नीच्या नावावरून त्याला 'वेल्दी' असे नाव दिले. पुढे मिनेसोटा विद्यापीठाने हे काम हाती घेतले. आज जगभर विकले जाणारे 'हनीक्रिस्प' सफरचंद तेथलेच. संकर १९६० चा, आणि लोकांच्या हाती आले १९९१ साली. थंडीने अपाय झाला म्हणून ते झाड एकदा काढून टाकावयाच्या यादीत गेले होते; एका संशोधकाने त्याला आणखी एक संधी द्यावी असे ठरविले म्हणून ते वाचले. एका फळासाठी तीस वर्षे थांबणारी ही माणसे, आणि आपण पाचव्या दिवशी टोमॅटो पाहावयास निघतो!

आता, आरंभी मी पंचांग चळते आहे असे म्हणालो, त्याविषयी. कोणत्या भागात हिवाळ्यातली कडक थंडी किती, याचा नकाशा अमेरिकेचे शेतकी खाते बागाईतदारांसाठी काढते. पहिला १९६० साली निघाला. ताजा २०२३ चा आहे. त्यात सुमारे निम्मा देश आधीच्या, म्हणजे २०१२ च्या, नकाशाहून अर्ध्या पट्ट्याने उबदार दाखविला आहे. २०२३-२४ चा हिवाळा मिनियापोलिसच्या नोंदींत सर्वांत उबदार ठरला. कित्येक आठवडे जमीन हिमावाचून उघडी पडली होती. वरवर पाहता ही चैनच. पण थंडी पहारेकरीणही असते. आशियातून आलेला एक हिरवा भुंगा अॅश नावाच्या झाडाची साल आतून पोखरतो. २००९ साली तो शेजारच्या सेंट पॉल शहरात प्रथम सापडला. उणे तिशीची थंडी त्याच्या बहुतेक अळ्या मारू शकते. तशा रात्री विरळ होत चालल्या, तेव्हा अळ्यांचे फावले.

दुसरे एक उदाहरण आपल्याला चकित करील. गांडुळाला आपण शेतकऱ्याचा मित्र म्हणतो, आणि येथे ते खरेच आहे. परंतु मिनेसोटात हिमयुगानंतर मूळचे गांडूळ उरलेच नाही. तेथली अरण्ये गांडुळावाचून, पानांच्या जाड थरावर वाढली. वसाहतवाल्यांबरोबर मातीतून आणि पुढे मासेमारीच्या आमिषातून गांडुळे आली, आणि ती तो थर खाऊन टाकतात तेव्हा रानफुले व कोवळी रोपे नाहीशी होतात. एका भूमीचा मित्र दुसऱ्या भूमीत लुटारू ठरतो.

त्या शेजारच्या बाईंच्या अंगणात चाळीस वर्षांचा अॅश होता. भुंग्याने तो खाल्ला. गेल्या खेपेस मी गेलो तेव्हा खोड कापून नेलेले होते. बाईंचे वय ऐंशीच्या पुढे. त्यांनी त्या जागेपासून थोडे हटून ओकचे रोप लावले होते, माझ्या कमरेएवढे. मी न राहवून विचारले, याची सावली कधी पडावयाची? त्या म्हणाल्या, "शरदात त्याच्या खोडाला जाळी लावायची आहे. त्या वेळी तुम्ही इथे असाल का?" माझ्या प्रश्नाचे उत्तर त्यांनी दिले नाही, पण मला ते मिळाले.

आता माझ्या स्नेह्यांचा प्रश्न. त्या बर्फाचे आपण काय करावयाचे? त्यांचे पंचांग उचलून येथे आणावयाचे नाही, एवढे तरी निश्चित. परक्या देशातील पुस्तक वाचून येथे ट्यूलिप लावणारा आणि येथली सवय घेऊन तेथे लायलॅक छाटणारा, दोघे सारखेच. प्रत्येक भूमीला तिचा विसाव्याचा काळ असतो. तिकडे तो पौष-माघात हिमाखाली असतो; आपल्याकडे तो आजचाच, या वैशाखातला. या दिवसांत आपली बाग सुकलेली दिसते म्हणून हळहळू नये. पाचोळा जाळू नये, आळ्यांत पसरावा. उघडी जमीन तिकडे थंडीने मरते, इकडे उन्हाने. दिवसाआडच्या पाण्यातले तांब्याभर जुन्या झाडाला घालावे. आणि वळवाची एक सर पडली म्हणून बी घेऊन धावू नये. माझे ते आठ टोमॅटो आठवावेत, आणि थांबावे.